शिरपूर ते सेलू : प्रवासाचा शेवटचा दिवस

६ फेब्रुवारी २०२४. शिरपूरच्या धर्मशाळेच्या अंगणात, अजून उजाडायचे होते तेव्हा, मोटारसायकलवर सामान बांधता बांधता मित्र म्हणाला, "आज घरी." एवढेच म्हणाला. गेले वीस दिवस रोज सकाळी तो दिवसाचा मुक्काम, अंतर, वाटेतील गावे आणि पेट्रोलचा अंदाज मोठ्याने सांगत असे. मी निमूटपणे ऐकत असे. आज त्याने अंतर सांगितले नाही. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता उरला होता, हे दोघांनाही ठाऊक होते.

आम्ही दोघे सेलूचे. कोणते सेलू, हे लगेच सांगितलेले बरे; कारण साऱ्या प्रवासात गावाचे नाव उच्चारताच समोरचा गृहस्थ "परभणीचे का?" असे विचारी. आमचे सेलू वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-वर्धा रस्त्यावरचे. कापसाचे आणि एके काळी केळीच्या बागांचे. मित्राचे कापडाचे दुकान, माझे किराण्याचे, दोहोंमध्ये चाळीस पावलांचे अंतर. तो श्वेतांबर मूर्तिपूजक, मी दिगंबर. शाळेत एका बाकावर बसत होतो, तेव्हापासून हा भेद आम्हांला डब्यातील पदार्थांच्या भेदाहून मोठा कधी वाटला नाही. त्याच्या डब्यात खाकरा, माझ्या डब्यात दशमी. मधल्या सुट्टीत दोन्ही डबे दोघांचे.

मोठेपणी एक रीत आपोआप पडली. भाद्रपदात त्याची संवत्सरी आधी येते. त्या सायंकाळी प्रतिक्रमण आटोपून तो माझ्या दुकानाची पायरी चढे आणि हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणे. मग माझे दशलक्षण पर्व सुरू होई, आणि दहा-बारा दिवसांनी क्षमावाणीला मी चाळीस पावले चालून त्याच्या गादीवर जाऊन क्षमा मागे. वर्षातून दोनदा क्षमेची देवाणघेवाण. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर आमचे हे खाते दरवर्षी बिनचूक पुरे होत असे. २०२३ च्या भाद्रपदात ते पुरे झाले नाही. तो आला नाही आणि मीही गेलो नाही.

कारण शिरपूरच होते.

वाशिम जिल्ह्यातील या शिरपूरला श्री अंतरिक्ष पार्श्वनाथांची प्राचीन मूर्ती आहे. ती भूमीला न टेकता अधांतरी विराजमान आहे, ही श्रद्धा दोन्ही आम्नायांची. आणि तिच्या पूजाविधीचा वादही दोन्ही आम्नायांचा. १९०५ मध्ये उभयपक्षांनी पूजेच्या वेळा वाटून घेणारे वेळापत्रक ठरवले. पुढे मूर्तीवरील लेप आणि त्यावरील कटिसूत्र-कछोट्याच्या खुणा यांवरून मतभेद विकोपाला गेले. १९१० मध्ये दावा दाखल झाला. १९१८ मध्ये अकोल्याच्या न्यायालयाचा, १९२३ मध्ये नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांच्या न्यायालयाचा आणि १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला. ज्या समाजाने आपसातील लाखोंचे व्यवहार केवळ शब्दावर केले, त्याला आपल्याच भगवंतापुढील तंटा सातासमुद्रापार न्यावा लागला, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. एवढ्यानेही शांतता झाली नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले.

ते कुलूप आम्ही पाहिले आहे. १९८८ मध्ये, विशीत असताना, मित्राच्या वडिलांची एम-८० घेऊन आम्ही दोघे सेलूहून शिरपूरला आलो होतो. तो आमचा पहिला लांबचा प्रवास. त्या गाडीवर आम्हांला दोन दिवस लागले. घरी कोणालाच खरे सांगितले नव्हते. मित्राच्या वडिलांना वाटले, आम्ही वर्ध्याला गाडी दुरुस्त करायला नेली आहे. दार बंद असल्याने दर्शन एका लहानशा झरोक्यातून घ्यावे लागे. एका वेळी एकाचाच डोळा तेथे लागू शकेल एवढी ती जागा. आधी तो वाकला, मग मी. आत अंधार होता, आणि त्या अंधारात काळ्या पाषाणाची कांती हळूहळू दिसू लागली. बाजूला होताना मी विचारले, "दिसले का रे?" तो म्हणाला, "दिसले. तुला?" त्या क्षणी आत कोणाचे भगवंत आहेत, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला नव्हता.

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, बेचाळीस वर्षांनी, ते दार उघडले. खरे तर तो आमच्या आनंदाचा दिवस असायला हवा होता. पण त्यानंतर तेथे जो तणाव झाला, त्याची चित्रे आणि संदेश मोबाइलवर येऊ लागले. त्याच्या गटावर त्याच्या बाजूचे, माझ्या गटावर माझ्या बाजूचे. एके दिवशी मी एक संदेश पुढे पाठवला. तो कोणामार्फत तरी त्याच्यापर्यंत पोहोचला. त्यानेही एक पाठवला, तो माझ्यापर्यंत आला. एका शब्दाचेही भांडण झाले नाही. फक्त चाळीस पावले कोणी चालेना.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो माझ्या दुकानात आला, गल्ल्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "बुलेट दुरुस्त करून घेतली. शिरपूरला जाऊन येऊ. वाटेत जमतील तेवढी तीर्थे करू." वास्तविक सेलूहून शिरपूरला जायला गुजरात वाटेत लागत नाही. पण १७ जानेवारीला आम्ही निघालो ते शिरपूरला पाठ करूनच: मुक्तागिरी, बडवानीचे बावनगजा, पालिताणा, गिरनार, मग परत फिरून मांगीतुंगी, वेरूळची जैन लेणी. त्याची तीर्थे, माझी तीर्थे आणि दोघांचीही. एकच गाडी, पन्नास-साठ किलोमीटरला चालवणारा बदलायचा. पालिताण्याला गुडघ्यांनी माझ्याविरुद्ध बंड केले, तेव्हा तो माझी पिशवी घेऊन पुढे चढला. मांगीतुंगीच्या पायऱ्यांवर त्याला दम लागला, तेव्हा मी त्याच्याजवळ अर्धा तास बसून राहिलो. रोज सायंकाळी सूर्यास्तापूर्वी मुक्काम आणि जेवण, मग त्याचे प्रतिक्रमण आणि माझा पाठ. एकवीस दिवसांत शिरपूरच्या वादाबद्दल मात्र आम्ही एक अक्षरही बोललो नाही.

त्या सकाळी दर्शनाला गेलो. छत्तीस वर्षांपूर्वी जेथे झरोक्याशी वाकलो होतो, तेथून आता उभ्यानेच आत गेलो. मित्र माझ्या डाव्या बाजूला होता. त्याने चैत्यवंदन म्हटले, मी मनात स्तोत्र म्हटले. बाहेर आल्यावर त्याने पादत्राणे घातली आणि विचारले, "दिसले का रे?" मला उत्तर देता आले नाही. मी गाडीची किल्ली मागितली.

मालेगावला लागलो तोवर ऊन चांगले वर आले होते. नवकारशीची वेळ टळल्यावर पाणी घेतले, थेपले खाल्ले आणि कारंज्याचा रस्ता धरला. वाटेतल्या शेलूबाजारला मित्र मागून ओरडला, "आले बरे सेलू! उतर खाली!" हा विनोद त्याने एकवीस दिवस राखून ठेवला असावा. दोन्ही बाजूंना तुरीची सोंगणी चालली होती. कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या, बोंडांत उरलेला कापूस वाऱ्यावर हलत होता. समृद्धी महामार्ग अधूनमधून दृष्टीस पडे. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, आणि त्याचे मला दुःख नाही. त्या रस्त्याने गेलो असतो तर कारंजे चुकले असते.

कारंजा लाड आपल्या समाजातील पुष्कळांना केवळ नावाने माहीत असते. एके काळी येथे तीन भट्टारक-परंपरांची पीठे होती: बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ. एका गावात तीन पीठे, तीन मंदिरे आणि शेकडो हस्तलिखिते. अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी येथील भांडारांतील अपभ्रंश काव्ये विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्पदंतासारख्या महाकवीची नव्याने ओळख झाली. व्यापारी वस्तीने सांभाळलेल्या त्या पोथ्या, कोणी वाचो न वाचो, वर्षातून एकदा उन्हात घालायच्या आणि पुन्हा रुमालात बांधायच्या, एवढे व्रत पिढ्यान्‌पिढ्या पाळल्यामुळेच वाचल्या. १९१८ मध्ये स्थापन झालेले महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुलही येथलेच. पुढे मुनी समंतभद्र म्हणून विख्यात झालेल्या देवचंद शहांनी ते उभारले. काष्ठा संघाच्या मंदिरातील लाकडी कोरीव कामापुढे मित्र बराच वेळ उभा राहिला. तो कापडाचा व्यापारी. नक्षी पाहिली की त्याचा हात आपोआप पोत पाहण्यासाठी पुढे होतो; लाकडालाही त्याने तसाच हात लावला. मग हळूच म्हणाला, "तीन पीठे एका गावात कशी नांदली असतील गा?" मी म्हणालो, "भांडलीही असतील." तो म्हणाला, "भांडले तरी गाव सोडून कोणी गेले नाही ना." तेव्हा मला या बोलण्यात काही विशेष वाटले नाही.

दुपारी तळेगाव दशासरच्या अलीकडे मागचे चाक बसले. बाभळीचा काटा. गाडी ढकलत एका दुकानापर्यंत नेली. तळेगाव शंकरपटासाठी प्रसिद्ध. पंक्चर काढणाऱ्या तरुणाच्या दुकानात बैलजोड्यांची चित्रे भिंतभर लावलेली होती. चाक खोलता खोलता त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "कुठचे हो काका?" सेलू म्हणताच तो म्हणाला, "वर्ध्याचे नं?" एकवीस दिवसांत पहिल्यांदाच कोणी बरोबर ओळखले होते. मित्राने त्याला वीस रुपये जास्त दिले.

पण त्याआधी, निंबाखाली बसलो असताना, एक गोष्ट घडली. मित्र हेल्मेटची काच रुमालाने पुसत होता. रोज तो ती पुसताना काचेवर आपटलेले बारीक कीटक पाहून इरियावहिया सूत्र म्हणे. येता-जाता आपल्याकडून ज्या जिवांना पीडा झाली, त्यांची क्षमा मागण्याचे ते सूत्र. साधूने चालताना पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती दोन्ही परंपरांनी सांगितलेली. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन किराणा-कापडवाल्यांनी तिचे नाव घेण्यातही संकोच वाटावा. त्या दिवशी सूत्र संपवून तो थांबला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "संवत्सरीला मी निघालो होतो. तुझ्या पायरीपर्यंत आलो होतो. दुकानात गिऱ्हाईक होते, म्हणून परतलो."

किराण्याच्या दुकानात सायंकाळी गिऱ्हाईक असणारच. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही.

मी म्हणालो, "क्षमावाणीला मला ताप नव्हता." घरच्यांनी त्याच्या मुलाला तसे सांगितले होते.

तो काच पुसत राहिला. मी म्हटले, "तो संदेश मी वाचला नव्हता. नुसता पुढे ढकलला."

"मी वाचला होता माझा," तो म्हणाला. "पूर्ण वाचूनच पाठवला होता."

या प्रामाणिकपणाला काय उत्तर द्यावे, हे मला अजूनही सुचलेले नाही. मी हात जोडले. त्यानेही जोडले. "मिच्छामि दुक्कडम्" मी म्हणालो आणि "उत्तम क्षमा" तो म्हणाला. प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द आले, हे गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर लक्षात आले. तेवढ्यात तरुणाने हाक दिली, "झाले बरं काका, हवा पाहून घ्या."

पुलगावला चार वाजून गेले. सूर्यास्त सहा वाजून काही मिनिटांनी. त्याचा चौविहार आणि माझा रात्रिभोजनत्याग, दोन्ही सांभाळायचे तर पावणेसहापर्यंत घर गाठायला हवे होते. पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे प्रचंड भांडार आहे. त्याच रस्त्याने तास-दीड तास गेले की पवनार लागते. एकाच जिल्ह्याच्या पोटात या दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, हे आम्हांला इतके सवयीचे की त्याचे काही वाटतही नाही. वर्धा शहरात न थांबता पुढे गेलो. पवनारला धाम नदीच्या पुलाजवळ मात्र त्याने, काही न विचारता, गाडी बाजूला घेतली. मी घड्याळ दाखवले. "दहा मिनिटे," तो म्हणाला.

पलीकडे विनोबांचा परंधाम आश्रम. शेत खोदताना सापडलेल्या जुन्या मूर्ती तेथे आहेत. राम आणि भरत यांच्या भेटीचे शिल्प त्यांतलेच. विनोबांनी ८ नोव्हेंबर १९८२ ला अन्न, पाणी आणि औषध सोडले, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, म्हणजेच भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, देह ठेवला. आम्ही तेव्हा शाळकरी पोरे. दुकाने बंद ठेवून सारे सेलू पवनारला लोटले होते आणि आमच्या दोघांचे वडील एकाच बैलगाडीने गेले होते, एवढे आठवते.

विनोबांचे आपल्या समाजावर एक ऋण आहे आणि ते आपण फारसे बोलून दाखवत नाही. सर्व जैन आम्नायांना मान्य होईल असा एकच सार-ग्रंथ असावा, असा आग्रह त्यांनी अनेक वर्षे धरला होता. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी, २९ आणि ३० नोव्हेंबर १९७४ ला, दिल्लीत संगीती भरली. दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी आणि तेरापंथी, चारही परंपरांचे मुनी आणि विद्वान एकत्र बसले आणि जिनेंद्र वर्णींनी संकलित केलेला 'समणसुत्तं' सर्वांनी मान्य केला. ७५६ गाथा. दोन्ही परंपरांच्या आगमग्रंथांतून निवडलेल्या, आणि त्यांत एकही अशी नाही की जी ऐकून मित्राने किंवा मी मान हलवून नाही म्हणावे. स्वतः जैन नसलेल्या एका वृद्धाने सांगितले, म्हणून आपण एका बैठकीत बसलो; हे माझ्या मनात नेहमीच थोडे सलत आले आहे.

या पुलावर मित्राला एक जुनी गोष्ट आठवली. बालपणी तेरापंथी मुनी झालेले आणि पुढे दीक्षा सोडून भूदानात आलेले सतीशकुमार आपल्या मित्राबरोबर, ई. पी. मेनन यांच्याबरोबर, १९६२ मध्ये दिल्लीहून पायी निघाले. अण्वस्त्रे नकोत, हे सांगत मॉस्को, पॅरिस, लंडन करत १९६४ मध्ये वॉशिंग्टनला पोहोचले. समुद्र तेवढा जहाजाने ओलांडला. निघताना विनोबांनी त्यांना सल्ला दिला होता की जवळ पैसे ठेवू नका. "आणि आपण?" मित्राने खिशातून प्रवासाची वही काढून हसत दाखवली. चहाचे दहा रुपयेसुद्धा त्यात लिहिलेले होते.

मग वही मिटून तो म्हणाला, "दुकान दिले मी. गुढीपाडव्यानंतर पुण्याला, मुलाकडे. घरचे सामानही तेव्हाच हलवू."

नदीत पाणी थोडे होते. दोन बाया धुणी पिळत होत्या. मी विचारले, "केव्हा ठरले?"

"दिवाळीत. कोणाला सांगितले नव्हते."

म्हणजे बुलेट दुरुस्त होण्याच्या आधी. मुक्तागिरीच्या आधी, पालिताण्याच्या आधी. कारंज्याला तो जे बोलला, त्याचा अर्थ आता लागला. मला राग आला होता, हे कबूल करायला हवे. एकवीस दिवस माझ्या पाठीमागे बसून हा माणूस हे लपवून होता. पण तळेगावचे निंबाचे झाड दोन तासही मागे पडले नव्हते. मी म्हणालो, "आता मी चालवतो." तो मागे बसला. त्याने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. प्रवासात तो असे कधी करत नसे, मागच्या दांडीला धरून बसे.

सेलूला शिरलो तेव्हा ऊन पिवळे झाले होते. जिनिंगकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. माझ्या घरी सुनेने दोघांचीही ताटे वाढून ठेवली होती. कांदा-लसूण नाही, कंद नाही, आणि त्याच्यासाठी उकळलेले पाणी वेगळे. सूर्य बुडायच्या आत जेवण झाले. त्याने पच्चक्खाण घेतले, मी आचमन केले.

मग दुकानाच्या ओट्यावर बसून हिशोब. प्रवासाच्या पहिल्याच दिवशी ठरले होते की खर्च निम्मा-निम्मा. पेट्रोल, धर्मशाळांच्या पावत्या, भाता, जेवण, एक ब्रेक केबल, एक पंक्चर. मंदिरांतले दान प्रत्येकाचे स्वतंत्र, ते वहीत नव्हते. बेरीज त्याने दोनदा केली, मी एकदा तपासली. माझ्याकडून त्याला चारशे पासष्ट रुपये येणे निघाले. मी गल्ला उघडला.

"राहू दे," तो म्हणाला. "बाकी ओढ पुढच्या पानावर."

त्याने स्वतःच पान उलटले, वर तारीख न घालता माझे नाव लिहिले आणि त्यापुढे चारशे पासष्ट मांडले. वही माझ्या गल्ल्यात ठेवली. मग खाली उतरून त्याने मोटारसायकल स्टँडवरून काढली. दिवेलागण झाली होती, खांबावरच्या दिव्याभोवती किडे जमू लागले होते. चाळीस पावलांसाठी त्याने गाडी सुरू केली नाही. हाताने ढकलत नेली.